चिंतेवरील औषधाची परीक्षा



औषधाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शोधाची कथा रंगवतो. परीक्षेची कथा मागे राहते. आज मी परीक्षेविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी ‘लिब्रियम’ हे चिंतेवरील औषध निवडले आहे.

शोध तसा योगायोगाचाच. १९४१ मध्ये युरोप सोडून अमेरिकेत आलेले लिओ स्टर्नबाख हे न्यू जर्सीत ‘रोश’ कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते. १९५७ मध्ये तेथे आवराआवर चालू असता, बाजूला पडून राहिलेले काही स्फटिक त्यांच्या सहकाऱ्याच्या दृष्टीस पडले. ते टाकून न देता प्राण्यांवरील चाचणीसाठी पाठविले गेले. लोवेल रँडल यांना दिसले, की प्राणी शांत होतात, स्नायू सैल पडतात, पण शुद्ध हरपत नाही. पुढे वृद्ध रुग्णांना मोठी मात्रा दिली, तेव्हा त्यांचा तोल जाऊ लागला, वाणी अडखळू लागली. औषध तेथेच निकालात निघायचे. परंतु मात्रा कमी केल्यावर चिंताग्रस्तांना आराम पडू लागला. १९६० मध्ये ते बाजारात आले. स्फटिकापासून दुकानापर्यंत अवघी तीन वर्षे!

ताप मोजायला तापमापक असतो. चिंतेला तसे साधन नाही. रुग्णाचे सांगणे आणि वैद्याचे पाहणे, यांनाच गुण द्यावे लागतात. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९५९ मध्ये तशी गुणपट्टी तयार केली. शिवाय औषध नसलेल्या गोळीनेही कित्येकांना बरे वाटते. म्हणून निम्म्यांना खरी, निम्म्यांना पोकळ गोळी द्यायची आणि कोणाला कोणती हे रुग्ण व वैद्य दोघांपासूनही लपवायचे, ही पद्धत रूढ झाली. पद्धत उत्तमच. मात्र अशी परीक्षा बहुधा काही आठवड्यांची असते, आणि चिंता वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. गोळी सुरू केल्यावर काय होते हे सर्वांनी विचारले. थांबविल्यावर काय होते, हे विचारणारे थोडे.

लिओ हॉलिस्टर त्या थोड्यांतले. १९६१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कित्येक महिने मोठ्या मात्रेत लिब्रियम घेतलेल्या ११ मनोरुग्णांचे औषध एकाएकी बंद करून पोकळ गोळ्या दिल्या. दहा जणांत नवी लक्षणे उद्भवली. दोघांना झटके आले. मात्रा नेहमीपेक्षा पुष्कळ मोठी होती, असे म्हणून हा इशारा बाजूस सारणे सोपे होते. माझ्या मते खरे नुकसान येथे झाले.

नेहमीच्या मात्रेचा प्रश्न लंडनमध्ये पेटुर्सन व लेडर यांनी १९८१ मध्ये हाताळला. या वर्गातील औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या १६ जणांना त्यांनी हळूहळू त्यांतून बाहेर काढले. सोळाही जणांना कमीअधिक त्रास झाला. ‘सर्वसाधारण चिंताविकार’ हे स्वतंत्र निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत जेमतेम आदल्या वर्षी आले होते. गोळ्या मात्र वीस वर्षे चालूच होत्या. या औषधवर्गाच्या वेष्टनपत्रावर अवलंबित्वाचा चौकटीतील इशारा छापावा, असा आदेश अमेरिकी औषध प्रशासनाने दिला तो २०२० मध्ये, हॉलिस्टर यांच्या निबंधानंतर ५९ वर्षांनी.