गर्दीला दुसराच का आवडला?

विज्ञान शिकलेल्यांना फ्रान्समधला 'पुय द डोम' हा डोंगर एका प्रयोगामुळे माहीत असतो. ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा १६४८ मध्ये पाऱ्याची नळी घेऊन हा डोंगर चढला. वर पोहोचल्यावर पारा खाली उतरलेला दिसला आणि हवेच्या दाबाबद्दलचा मोठा वाद निकालात निघाला. एमएस्सीपर्यंत माझीही या डोंगराशी एवढीच ओळख होती. पुढे पीएचडीसाठी 'खेळ बघणाऱ्यांचा इतिहास' हा विषय घेतला, आणि तोच डोंगर पुन्हा समोर आला. या वेळी प्रश्न हवेचा नव्हता, गर्दीचा होता.

तारीख १२ जुलै १९६४. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत संपायला दोन दिवस बाकी. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे असलेल्याचा मान, जाक आंकतीलकडे. तोवर त्याने ही शर्यत चार वेळा जिंकलेली होती. ५६ सेकंद मागे होता रेमाँ पुलिदोर. डोंगराचा शेवटचा चढ असा, की दर १०० मीटरला साधारण १२ मीटर वर जायचं. त्या चढावर दोघं खांद्याला खांदा लावून चालवत होते. आंकतील मुद्दाम मागे न राहता बाजूने चालवत होता, आपण थकलोय हे पुलिदोरला कळू नये म्हणून. अगदी शेवटी तो मागे पडलाच. पुलिदोरने ४२ सेकंद भरून काढले. उरले १४. पॅरिसला पोहोचेपर्यंत आंकतीलने ते ५५ केले आणि पाचव्यांदा शर्यत जिंकली.

आता गंमत बघा. रस्त्याकडेचे लोक होते पुलिदोरच्या बाजूचे. त्याचं लाडाचं नाव 'पुपू'. तो १४ वेळा ही शर्यत धावला, आठ वेळा पहिल्या तिघांत आला, पण पिवळी जर्सी एक दिवसही त्याच्या अंगावर चढली नाही. तरी प्रेम त्याच्याच वाट्याला. आंकतीलच्या वाट्याला मात्र शिट्ट्या. १९५९ मध्ये पॅरिसच्या मैदानात लोकांनी त्याची इतकी हुर्यो उडवली, की पुढे त्याने आपल्या बोटीच्या नावातच त्या सालच्या शिट्ट्या गोवल्या.

याचं नेहमीचं उत्तर असं: पुलिदोर खेड्यातला साधा शेतकऱ्याचा पोर, आणि आंकतील शहरी, थंड, हिशेबी. मलाही सुरुवातीला हे पटलं होतं. पण आंकतीलचे वडील स्ट्रॉबेरी पिकवायचे! म्हणजे दोघंही शेतकऱ्याचीच मुलं. शिवाय पुलिदोर काही हरणारा गडी नव्हता. १९६१ ची मिलान–सान रेमो आणि १९६४ ची स्पेनची मोठी शर्यत त्याने जिंकली होती. मग फरक कुठे?

माझ्या मते तो दिसण्यात आहे. आंकतील जिंकायचा ते बहुतेक एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यांत. तिथे रस्त्याकडेला उभ्या माणसाला झुंज दिसतच नाही. एक सायकल येते, जाते, बस्स. १९६१ मध्ये तर त्याने पहिल्याच दिवशी पिवळी जर्सी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. केवढा पराक्रम! पण लोक कंटाळले. याउलट पुलिदोरची धडपड दिसायची ती घाटात, जिथे सायकली हळू होतात आणि प्रेक्षकाला घामाचा थेंबही दिसतो. आकड्यांनी एकाला जिंकवलं, डोळ्यांनी दुसऱ्याला.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. मीही इथेच थांबलो होतो, कारण खरं सांगायचं तर मीसुद्धा पुलिदोरच्याच बाजूचा. पण त्याच डोंगरावर, ११ जुलै १९७५ ला, एडी मर्क्स पिवळ्या जर्सीत चढत होता. या बेल्जियन खेळाडूने तोवर पाच वेळा टूर जिंकली होती. त्याचं सतत जिंकणं अनेक फ्रेंच प्रेक्षकांना सलत होतं. शिखराजवळ गर्दीतल्या एका माणसाने त्याच्या कुशीत ठोसा मारला. मर्क्सने टप्पा पूर्ण केला, मग मागे खाली येऊन त्या माणसाला ओळखून दाखवलं. चुकून लागलं, असं त्या माणसाचं म्हणणं. कोर्टात प्रतीकात्मक एक फ्रँकची भरपाई ठरली. दोनच दिवसांनी प्रा-लूच्या चढावर मर्क्सची पिवळी जर्सी बेर्नार तेवनेकडे गेली. एका ठोशाने शर्यत फिरली असं मी म्हणणार नाही, पण तो ठोसा कुठून आला हा प्रश्न मला टाळता येईना.

आणि हे नवीनही नव्हतं. १९०४ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच टूरमध्ये, सेंत-एतियेनजवळच्या घाटात रात्रीच्या अंधारात लोकांनी आपल्या गावच्या खेळाडूला पुढे जाऊ दिलं आणि मागून येणाऱ्यांना बडवलं. त्यात आदल्या वर्षीचा विजेता मोरिस गारँही सापडला. गर्दी पांगवायला पिस्तुलाचे बार काढावे लागले.

म्हणून मला माझा निष्कर्ष बदलावा लागला. 'लोकांना दुबळा आवडतो' हे अर्धंच वाक्य आहे. दुसऱ्यावरचं प्रेम वाढत गेलं, की पहिल्याचा राग येऊ लागतो. स्टेडियममध्ये तो राग जाळीला अडतो. इथे रस्ता फुकट, जाळी नाही, आणि खेळाडू हाताच्या अंतरावर.

२०२१ मध्ये या प्रेमाचे दोन्ही चेहरे लागोपाठच्या दोन दिवशी दिसले. २६ जूनला एका प्रेक्षकाने आपल्या आजी-आजोबांसाठी लिहिलेला फलक कॅमेऱ्याकडे धरला; तो एका सायकलपटूला लागला आणि कितीतरी जण एकमेकांवर कोसळले. २७ जूनला मात्यू वान डेर पूलने टप्पा जिंकून पिवळी जर्सी मिळवली आणि बोट आकाशाकडे नेलं. तो पुलिदोरच्या मुलीचा मुलगा. आजोबा २०१९ मध्ये गेले होते.

२०२३ मध्ये टूर ३५ वर्षांनी पुय द डोमवर परतली. रस्ता अरुंद, शेजारी रेल्वेचा रूळ, डोंगर संरक्षित. म्हणून शेवटच्या चढावर प्रेक्षकांना बंदी होती. सायकलपटू जवळजवळ शांततेत वर गेले. कुणाला धक्का लागला नाही, आणि कुणाच्या नावाचा गजरही झाला नाही. ते बघताना मला हायसं वाटलं आणि चुकल्यासारखंही. तुम्ही घाटात उभे असता, तर तुम्हाला काय वाटलं असतं? कमेंटमध्ये जरूर लिहा.