नर माशांनी सांगितलेली गोष्ट

एप्रिल 1914मध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या रसायनतज्ज्ञांनी एक निबंध वाचला. विषय होता मैलापाणी. डेव्हीहल्मच्या केंद्रात त्यांनी बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळून (उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून) आतल्या मैलापाण्यात हवा सोडली होती. पहिल्या खेपेला पाणी निवळायला पाचेक आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी काढून टाकलं, तळाचा गाळ मात्र राखला आणि त्यावर ताजं मैलापाणी ओतलं. असं करत करत तेच काम काही तासांवर आलं. गाळातले जिवाणूच खरे कामकरी होते. या प्रयोगांना चालना देणारे गिल्बर्ट फाउलर 1916मध्ये बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

दुर्गंधी जावी, नदीतला प्राणवायू टिकावा, एवढाच तेव्हा हेतू. मैलापाण्यातली संप्रेरकं कुणाच्या गावीही नव्हती. इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक शुद्ध रूपात हाती आलं तेच 1929मध्ये.

1938मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक तयार झालं. नैसर्गिक इस्ट्रॅडिऑल गिळलं तर यकृत त्याचा फडशा पाडतं, म्हणून रेणूच्या एका टोकाला इथिनिलचं शेपूट जोडलं गेलं. पुढे गर्भनिरोधक गोळीत हेच आलं. यकृताला सहजी दाद न देणारा हा रेणू लघवीवाटे मैलापाण्यात पोचला, तर गाळातल्या जिवाणूंनाही पुरती दाद देईना.

याचा सुगावा लागला तो माशांमुळे. लंडनजवळच्या ली नदीकाठी मैलापाणी केंद्राच्या तळ्यांत गळ टाकणाऱ्यांना धड नर नाहीत, धड मादी नाहीत असे रोच मासे मिळू लागले होते. ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन संप्टर आणि सहकाऱ्यांनी नर ट्राउट पिंजऱ्यांत घालून केंद्रांच्या सांडव्यापाशी सोडले. काही आठवड्यांत त्या नरांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन भरलं. हे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन, एरवी माद्यांच्या रक्तात सापडणारं. हे निष्कर्ष 1994मध्ये छापून आले. संशय आधी साबणातल्या रसायनांवरही होता. 1998च्या विश्लेषणात मुख्य गुन्हेगार निघाले इस्ट्रोन, इस्ट्रॅडिऑल आणि काही ठिकाणी गोळीतलं इथिनिल इस्ट्रॅडिऑल. प्रमाण लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश. सगळा दोष गोळीच्या माथी मारणं तेव्हा सोयीचं होतं, पण नैसर्गिक संप्रेरकांचा वाटा मोठा होता. गंमत अशी, की शरीर ही संप्रेरकं साखरेच्या आम्लाशी बांधून निष्क्रिय करूनच लघवीवाटे बाहेर टाकतं. गटारातले जिवाणू ती गाठ सोडवतात आणि संप्रेरक पुन्हा जागं होतं.

जुना गाळ इथेही कामाला येतो. तो टाकीत जास्त दिवस मुरवला की अमोनियाचं नायट्रेट करणारे, सावकाश वाढणारे जिवाणू टिकतात आणि अशा केंद्रांत संप्रेरकंही जास्त प्रमाणात विघटित होतात. इथिनिलवाला रेणू मात्र चिवट.

त्याच्यावर लॅकेस नावाचं विकर दुसऱ्या बाजूने घाला घालतं. हिकोरोकुरो योशिदा यांनी 1883मध्ये जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात ते प्रथम हेरलं; लाकूड कुजवणाऱ्या बुरशीतही ते भरपूर असतं. शेपटाला ते शिवत नाही. फिनॉलच्या कड्यातून इलेक्ट्रॉन काढून ते प्राणवायूला देतं, त्याचं पाणी होतं आणि उरलेले रेणू एकमेकांना चिकटून निकामी होतात. प्रयोगशाळेत हे झकास चालतं. खऱ्या मैलापाण्यात मात्र विकर पाण्याबरोबर वाहून जातं, इतर रसायनांनी मंदावतं आणि महागही पडतं. त्यामुळे 2016पासून सूक्ष्म प्रदूषकांसाठी निवडक केंद्रांवर जादा टप्पा सक्तीचा करणाऱ्या स्वित्झर्लंडने भर दिला तो ओझोन आणि सक्रिय कोळशावर.