लारेचे उडते इस्पितळ

पानिपतावर किती मोहरे गळाले, याचा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. परंतु जे जखमी होऊन रणात पडून राहिले त्यांना पाणी कोणी पाजले, हे आपण क्वचितच विचारतो. ही खोड केवळ आपलीच नव्हे. पानिपतानंतर पाच वर्षांनी, १७६६ साली, फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या एका खेड्यात जन्मलेल्या दोमिनिक लारे या शस्त्रवैद्याने ती मोडावयास घेतली, म्हणून आज आपण त्याच्याकडे वळत आहो.

१७९२ साली लारे ऱ्हाईनच्या सेनेत दाखल झाला. रुग्णगाड्या सैन्याच्या कोसभराहून अधिक मागे ठेवाव्या, असा त्या वेळी नियम होता. लढाई थांबेपर्यंत जखमी असेल तेथेच तळमळत राही. घोड्यांनी ओढलेल्या तोफा रणांगणावर इकडून तिकडे किती चपळाईने धावतात, हे लारेने पाहिले. तोफेला जे साधते ते वैद्याला का साधू नये? कमानी बसविलेल्या हलक्या दुचाकी गाड्या त्याने तयार करविल्या, त्यात गाद्या घातल्या, आणि वैद्य थेट गोळीच्या माऱ्यात नेला. इजिप्तच्या मोहिमेत हेच काम त्याने उंटांकडून करून घेतले. प्रथम उपचार कोणावर, याचे उत्तरही त्याने ठरवून टाकले: ज्याची जखम अधिक घातक त्याच्यावर. मग तो सरदार असो, शिपाई असो वा शत्रू असो.

१८१२ साली बोरोदिनोच्या लढाईनंतर त्याने एका अहोरात्रीत सुमारे दोनशे अवयव कापले, तेही भुलीचे औषध ठाऊक नसताना. पण आमच्या मते त्याची खरी कसोटी शस्त्राने लागली नाही. १८१३ च्या मे महिन्यात, लुत्सेन व बाउत्सेनच्या लढायांनंतर, हजारो कोवळ्या रंगरुटांच्या हातांना जखमा आढळल्या. लढाई चुकविण्यासाठी या पोरांनी स्वतःच गोळ्या मारून घेतल्या, असे नेपोलियनच्या कानी घालण्यात आले. शिक्षा मरणाची! लारेने हे मानण्याचे साफ नाकारले आणि बादशहाची नाराजी पत्करून अडीच हजारांहून अधिक जखमींची तपासणी करविली. निष्कर्ष निघाला तो साधाच होता. मागच्या रांगेतील अननुभवी शिपायांच्या गोळ्या पुढच्यांच्या हातांना लागत होत्या, आणि टेकडी चढताना बंदूक धरलेले हातच शत्रूपुढे उघडे पडत होते. सर्व निर्दोष. रागावलेल्या नेपोलियनने हा निर्णय मान्य केला, इतकेच नव्हे तर लारेचा गौरवही केला. हे श्रेय त्यालाही दिले पाहिजे.

१८१५ साली वॉटर्लूला लारे प्रशियनांच्या हाती सापडला. त्याला गोळी घालण्याची तयारी झाली असता एका प्रशियन शस्त्रवैद्याने त्याला ओळखले. त्याने पूर्वी बर्लिनमध्ये लारेची व्याख्याने ऐकली होती. व्याख्यानांचे असे फळ फार थोड्या वक्त्यांच्या पदरी पडले असेल! नेपोलियनने मृत्युपत्रात त्याच्या नावे एक लाख फ्रँक ठेवले, आणि आपण पाहिलेल्या माणसांत हा सर्वाधिक सद्गुणी, असा शेरा त्यापुढे लिहविला. १८४२ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, अल्जीरियातील लष्करी इस्पितळे तपासून परतत असता लारे वाटेतच, ल्यों शहरी वारला.