जव्हार-मोखाड्याची चूल आणि ‘निवड’ हा शब्द

घरगुती इंधन व श्वसनविकार यांविषयीच्या अलीकडील लेखनात ‘इंधनाची निवड’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. जव्हार व मोखाडा या तालुक्यांपुरता तो कितपत सार्थ आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

१९४८ पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाण्याच्या रानात सरकारी सीमा आखल्या गेल्या. राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, तक्रारी वाढल्या आणि सरकारला चौकशी-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. याच रानांतील लाकूड व कोळसा मुंबईस जात होता. कोळशाचा धूर भट्टीपाशी रानातच निघून जाई, शहराच्या शेगडीत निखारा तेवढा पोचे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या चुलीस उरला तो काटक्यांचा भारा.

पावसाळ्यात हे सरपण पुरते वाळत नाही. ओल्या लाकडातील पाण्याची वाफ होण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते, ज्वलन अपुरे राहते व धूर वाढतो. कारवीच्या कुडाच्या अंधाऱ्या घरात तो कोंडतो. फुंकणी हाती असलेली बाई व तिच्याजवळचे मूल यांच्या छातीत तो सर्वाधिक जातो. भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट जाणवते. चूल, वैल, फुंकणी, सरपण, गोवरी, निखारा, धुपणे असे शब्द मराठीत विपुल आहेत. चुलीच्या धुराने जडणाऱ्या विकारास मात्र स्वतंत्र नाव नाही. खोकला आणि दमा यांतच तो जिरून जातो.

वैद्यकशास्त्रानेही त्याची दखल उशिराच घेतली. डॉ. पद्मावती व पाठक यांनी १९५९ मध्ये, दिल्लीतील स्त्रियांच्या फुप्फुसजन्य हृदयविकारामागे स्वयंपाकाचा धूर असावा, असे सुचविले. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर सुमारे पाव शतकाने आला. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये.

गॅसची जोडणी मिळाली म्हणजे निवड झाली, असे मानणे मला घाईचे वाटते. १४.२ किलोच्या टाकीस एकरकमी रोख पैसा लागतो. सरपणास बाईचे श्रम लागतात, आणि ते कोणी हिशेबात धरीत नाही. शिवाय भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर मजुरीस जातात. टाकी बंद घरात राहते. भट्टीजवळच्या खोपटापुढे तीन दगड मांडले जातात.