वन्य प्राण्यांचा माग

प्रत्यक्ष न दिसलेला प्राणी कोणता, तो कुठून कुठे आणि केव्हा गेला, हे त्याच्या खुणांवरून ओळखण्याची विद्या. पाऊलठसे हा तिचा मुख्य आधार. विष्ठा, झाडांवरचे ओरखडे, उकरलेली माती, शिकारीचे अवशेष, गळलेले केस व काटे हेही मागातच मोडतात.

ठसा जितका प्राण्याचा, तितकाच जमिनीचा असतो. पातळ चिखलात तो फुगतो, कोरड्या फुफाट्यात त्याच्या कडा ढासळतात. त्यामुळे एकट्या ठशाच्या मापावर जात ठरवू नये. चार-सहा पावले माग धरून चालावे. सकाळचे कलते ऊन सर्वांत सोयीचे. ठसा आपल्या व सूर्याच्या मध्ये ठेवला की त्याचे चढउतार दिसतात. ताडोबासारख्या जंगलात वेळेचा अंदाज रस्ताच देतो. सफारीच्या जिप्सी गाडीच्या चाकोरीवर पंजा उमटला असेल तर वाघ त्या गाडीनंतर गेला. पंजावरून चाकोरी गेली असेल तर गाडीच्या आधी.

मार्जारकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. म्हणून वाघ, बिबट्या व रानमांजर यांच्या ठशात चार बोटे व मागे तीन फुगवटे असलेली गादी दिसते, नखे सहसा दिसत नाहीत. चारांतले सर्वांत पुढचे बोट शरीराच्या आतल्या बाजूचे असते. त्यावरून पाय डावा की उजवा ते कळते. बिबट्याचा ठसा वाघासारखाच पण लहान, त्यामुळे वाघाच्या बछड्याशी त्याची गल्लत होते. आसपास वाघिणीचे ठसे आहेत का, हे पाहणे हाच त्यावरचा साधा उपाय. लांडगा, कोल्हा, रानकुत्रा यांची नखे उमटतात. तरसाचीही उमटतात, पण त्याचे पुढचे पंजे मागच्यांहून ठळकपणे मोठे असतात. अस्वलाला पाच बोटे. त्याच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, आणि रात्री पाणवठ्यावर तो पाहून दचकणारे पुष्कळ असतात.

खुरांचे प्राणी ओळखणे अधिक किचकट. चितळाचा खूर निमुळता, सांबराचा मोठा, रानगव्याचा गुरांसारखा गोल व रुंद. रानडुकराच्या ठशामागे दोन्ही बाजूंना उपखुरांची टिंबे पडतात.

विष्ठा पावलांपेक्षा जास्त बोलते. बिबट्याच्या विष्ठेत भक्ष्याचे केस, पाणमांजराच्या विष्ठेत माशांचे खवले व खेकड्याच्या कवचाचे तुकडे, अस्वलाच्या विष्ठेत ऋतूप्रमाणे बोरांच्या बिया किंवा वाळवीचे अवशेष सापडतात. नीलगाय (विदर्भात रोही) एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकते. त्या ढिगांवरून तिचा वावर कळतो. वाघ पायवाटेवर मागच्या पायांनी माती खरवडतो व झाडांवर मूत्राचे फवारे मारतो. हद्द सांगणाऱ्या या खुणा शेजारच्या वाघासाठी असतात.

ठशावरून जात कळते. तो ठसा नेमका कोणत्या वाघाचा, हे सांगणे फार अवघड. हा फरक न पाळण्याची किंमत भारताने मोजली आहे. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये पंजांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मांडली. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा आणि प्रत्येक वाघ वेगळा काढायचा, असे तिचे स्वरूप. याच पद्धतीने झालेल्या 1972 च्या देशव्यापी गणनेत 1,827 वाघ नोंदले गेले. के. उल्हास कारंथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पद्धतीवर घेतलेले आक्षेप बराच काळ कागदावरच राहिले. अखेर 2005 मध्ये राजस्थानातील सारिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले; गणनेच्या तक्त्यात ते तोवर होते. 2006 पासून वाघ अंगावरच्या पट्ट्यांवरून, स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून मोजतात. वनरक्षक मात्र आजही नियतक्षेत्रात पायी फिरून ठसे व विष्ठा नोंदवतात. वाघाचा वावर कुठे आहे हे त्यातून कळते, आणि कॅमेरे कुठे लावायचे हेही त्याच नोंदींच्या आधारे ठरते.