तळटीप : नावावरून ऑब्जेक्ट

* लेखकाने येथे ‘क्लास.फॉरनेम’ची ओळ स्पष्टीकरणाविना दिली आहे. जावामध्ये एरवी ‘न्यू’पुढे लिहिलेले क्लासचे नाव कंपायलर तपासून घेतो. येथे मात्र नाव साध्या मजकुराच्या रूपात येते, बहुधा कॉन्फिगरेशन फाइलमधून, आणि क्लास शोधला जातो तो प्रोग्राम चालू असताना. त्यामुळे डेटाबेसचा ड्रायव्हर बदलला तरी पुन्हा कंपाइल करावे लागत नाही. जेडीबीसीत, म्हणजे जावाच्या डेटाबेस-जोडणीत, ही ओळ फक्त क्लास लोड करते. लोड होताना त्यातला स्टॅटिक ब्लॉक ड्रायव्हरमॅनेजरकडे स्वतःची नोंद करतो. म्हणून परत आलेला क्लास कुणी वापरताना दिसत नाही, आणि नवशिके नेमके इथेच अडखळतात. २००६ साली आलेल्या जावा ६ पासून ही ओळ बहुतेक ठिकाणी अनावश्यक झाली आहे. मिळालेल्या क्लासपासून ऑब्जेक्ट घडवणारी ‘न्यूइन्स्टन्स’ मेथडही जावा ९ पासून कालबाह्य ठरवली आहे. त्याऐवजी आधी कन्स्ट्रक्टर मिळवावा आणि त्याच्याकडून ऑब्जेक्ट घडवावा. नावात एक अक्षर चुकले तरी कंपायलर गप्प राहतो, ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ येते ते प्रोग्राम चालताना. वाचकांना एक कळकळीची विनंती : वापरकर्त्याने टाइप केलेले नाव ‘फॉरनेम’ला थेट कधीही देऊ नका, मान्य नावांची यादी ठेवा आणि तिच्यातूनच निवडा. – संपा.