ब्रूजच्या कालव्यांतील देवमासा

बेल्जममधील ब्रूज शहराचें भाग्य पाण्यानेंच उजळविलें आणि पाण्यानेंच मावळविलें. ११३४ सालच्या वादळानें झ्विन नांवाची समुद्राची एक खाडी त्या शहराच्या दिशेनें मोकळी केली. त्या वाटेनें इंग्लंडची लोंकर आली, इटलीचे व्यापारी आले, आणि ब्रूज ही उत्तर युरोपांतील मोठी पेठ झाली. पुढें पंधराव्या शतकाच्या अखेरीस तीच खाडी गाळानें भरत गेली व व्यापार अँटवर्पकडे वळला. जेथें बंदराची वर्दळ असे, तेथें आतां यान व्हान आइक या थोर चित्रकाराचा पुतळा आहे. जुन्या जकातघराची इमारतहि त्या चौकांत अद्याप उभी आहे.

या चौकालगतच्या कालव्यांत २०१८ सालीं एक देवमासा अवतरला. पाण्यांतून उसळी घेणारें तें सुमारें ३८ फूट उंच धूड दुरून सुंदर दिसे. जवळ जावें, तों निळसर-पांढऱ्या कातडीच्या जागीं बादल्या, टोपल्या आणि डबे दिसूं लागत. जेसन क्लिमोस्की व लेस्ली चँग या न्यूयॉर्कच्या वास्तुशिल्पकारांनीं पॅसिफिक महासागरांतून काढलेल्या ५ टन प्लॅस्टिकच्या कचऱ्यांतून तें शिल्प उभारलें होतें. निमित्त होतें शहराच्या त्रैवार्षिक कलाप्रदर्शनाचें.

इतिहासाचा योगायोग पाहा. याच ब्रूजमध्यें १८८७ ते १८८९ या काळांत लिओ बेकलंड हा तरुण रसायनशास्त्रज्ञ अध्यापन करीत होता. पुढें अमेरिकेंत जाऊन त्यानें १९०७ सालीं बेकेलाइट हें पहिलें पूर्णपणें कृत्रिम प्लॅस्टिक निर्माण केलें. टिकाऊपणा हा त्या पदार्थाचा मोठा गुण. आजच्या कचऱ्याचा दोष मात्र बेकलंडच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. वर्षानुवर्षें टिकणारी वस्तु घटकाभर वापरून फेकून देण्याची संवय मागाहून जगाला लागली.

एका शिल्पानें समुद्र निर्मळ झाला नाहीं. महासागरांतील कचऱ्यापुढें ५ टन म्हणजे एक ओंजळ. तथापि जेथें एके काळीं परदेशच्या मालावर जकात घेत, तेथेंच ज्यावर कोणीहि हक्क सांगणार नाहीं असा माल कलावंतांनीं आणून उभा केला. आंकडे ऐकून आपण नुसती मान डोलावतों. परंतु आपल्या न्हाणीघरांतल्यासारखी बादली देवमाशाच्या अंगावर दिसली, म्हणजे नजर फिरवितां येत नाहीं. झ्विनमधील गाळाला धनी नव्हता. या नव्या गाळाला धनी आहे, आणि त्याचा पत्ता आपल्याच घराचा आहे.